केळ्याला दोष देऊ नका

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाच्या जोडीला वरचं अन्न सुरू करायचं, हे आशाताई आता घरोघर सांगतात. ते बहुतेकांना पटलेलंही आहे. पण फळाचं नाव काढलं की घरातल्या मोठ्यांचा हात आखडतो. केळं थंड, सर्दी होईल. पपई गरम, बाधेल. आणि तेच बाळ दुपारी चहात बुडवलेलं बिस्कीट चोखत बसलेलं असतं! माझं म्हणणं काही आज्यांना कडक वाटेल, पण बंद करायचं ते हे चहा-बिस्कीट. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि बिस्कीट म्हणजे मैदा आणि साखर. त्याच पाच-सात रुपयांत एक केळं येतं.

केळ्याने सर्दी होत नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि ते घरातल्याच कुणाच्या शिंकेतून, हातातून बाळापर्यंत पोचतात. या वयात बाळाला सर्दी अधूनमधून होतेच. आदल्या दिवशी जे फळ दिलं असेल, त्याच्यावर नाव येतं इतकंच.

खरी काळजी घ्यायची ती देण्याच्या पद्धतीत. एका वेळी एकच नवं फळ द्यावं आणि दोन-तीन दिवस दुसरं काही नवीन देऊ नये. आपल्या वस्तीत बाळ दिवसभर दहा जणांच्या कडेवर फिरतं. आत्या द्राक्ष भरवते, शेजारच्या काकू चिकू भरवतात. मग अंगावर काही उठलं तर ते कशाने, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आईला विचारल्याशिवाय बाळाच्या तोंडात काही घालायचं नाही, हा नियम घरातल्या पुरुषांनीही पाळावा.

सुरुवात सकाळी करा, म्हणजे काही झालंच तर दवाखाना उघडा असतो. ताप, जुलाब किंवा लसीचा दिवस असेल तर थांबा. पूर्ण पिकलेलं फळ स्वच्छ वाटीत चमच्याने कुस्करून आधी अर्धा चमचा द्या. मिक्सर लागत नाही. साखर घालू नका. मध तर वर्षाच्या आत चाटवायलाही नको. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाचं अंग लुळं पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. रस काढूनही देऊ नका, फळच द्या.

केळं खाल्ल्यावर शीमध्ये काळे बारीक दोरे दिसतात. त्यांना जंत समजून घाबरू नका, ते केळ्याचेच धागे असतात. रस लागला तिथे तोंडाभोवती थोडी लाली आली तर धुऊन वाट पाहा. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, उलट्या थांबेनात किंवा श्वास घरघरू लागला, तर वाट न पाहता 108 ला फोन करा. असा त्रास बहुधा खाल्ल्यापासून दोन तासांच्या आतच दिसतो.

घशात अडकण्याचा धोका मला जास्त मोठा वाटतो. आख्खं द्राक्ष, बोर, सफरचंदाची कच्ची फोड, बियांसकट पेरू किंवा चिकू बाळाला देऊ नये. सफरचंद वाफवून मऊ करा. बाळाला बसवूनच भरवा. ठसका लागला आणि खोकल्याचा आवाज येत असेल तर खोकू द्या, घशात बोट घालून चाचपू नका. आवाजच बंद झाला तर बाळाला हातावर पालथं धरून, डोकं खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा मारा आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा.

नुसत्या फळावर बाळ वाढत नाही. नाचणी, घट्ट वरण-भात, नीट शिजवलेलं अंडं हवंच, आणि दूध दोन वर्षांपर्यंत सुरू ठेवावं.

गाडीवर कापून ठेवलेली पपई बाळासाठी घेऊ नका. लहानशी आख्खी पपई आणा, हात आणि सुरी धुऊन घरी चिरा. बाळाला लागेल दोन चमचे. उरलेली त्याच्या आईने खावी.