वसईची श्रद्धा आणि वसईची जमीन

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे २५ जुलै २०२४ रोजी निधन झाले, तेव्हा महाराष्ट्राने त्यांना प्रामुख्याने साहित्यिक म्हणून निरोप दिला. ते स्वाभाविकच होते. उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, त्यांच्या ‘सुबोध बायबल’चा साहित्य अकादमीने गौरव केला होता, ‘सुवार्ता’ मासिकाच्या संपादनातून त्यांनी एका लहानशा समाजाच्या मुखपत्राला मराठी वैचारिक नियतकालिकांच्या पंक्तीत बसविले होते. परंतु हा कॅथॉलिक धर्मगुरू मिस्सेचे वस्त्र उतरवून ज्या प्रश्नासाठी रस्त्यावर उतरला, तो प्रश्न साहित्याचा नव्हता. तो जमिनीचा आणि पाण्याचा, म्हणजे अर्थकारणाचा होता. त्या लढ्याचे भावपूर्ण स्मरण पुष्कळ झाले. त्याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडलेला नाही.

धर्माने सार्वजनिक जीवनात यावे की न यावे, हा वाद आपल्याकडे नेहमीच दोन टोकांवरून खेळला जातो. एका पक्षाच्या मते श्रद्धा ही घराच्या उंबरठ्याआतली गोष्ट आहे. दुसऱ्या पक्षाला ती मतपेटीपर्यंत पोहोचण्याची शिडी वाटते. ख्रिस्ती परंपरेत, निदान तिच्या कॅथॉलिक शाखेत, एक तिसरी भूमिका शंभराहून अधिक वर्षे आकार घेत आली आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढून मजुरी, मालमत्ता आणि कामगारांच्या संघटना हे विषय धर्मचिंतनाच्या कक्षेत आणले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) चर्चचे तोंड जगाकडे वळविले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक पर्यावरणावर लिहिले, आणि मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपनी लिओ हेच नाव धारण करून त्या १८९१ च्या परंपरेशी आपले नाते जाहीरपणे सांगितले. पण रोममधील परिपत्रके आणि गावातला सातबारा यांत फार मोठे अंतर असते. ते अंतर कसे कापले जाते, किंवा कापले जात नाही, हे पाहावयाचे तर वसईइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती. चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकल्यावर सत्ता गेली, पण ख्रिस्ती समाज राहिला. आणि राहिला तो मराठी म्हणूनच. सामवेदी, वाडवळ, कोळी असे त्याचे जुने समूह आपापल्या बोली, पेहराव आणि व्यवसाय घेऊन टिकले. पश्चिमेकडील पट्ट्यात केळी, पानवेल, भाजीपाला आणि फुले यांच्या वाड्या होत्या. पहाटेच्या लोकलने टोपल्या मुंबईच्या बाजारात जात. या बागायतीचा प्राण होता गोडे पाणी. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना ते गोडे राहिले, याचे श्रेय विहिरींबरोबरच बावखलांना द्यावे लागते. बावखल म्हणजे वाडीतले पावसाचे पाणी साठविणारे तळे. ते बहुधा अनेक कुटुंबांच्या सामाईक मालकीचे असे, त्यातून शिंपणे होई आणि त्याच्याच पाझराने आसपासच्या विहिरी भरत. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सामाईक संपत्तीचे उदाहरण शोधावे लागते. वसईकरांच्या ते परसात होते.

या समाजाच्या श्रद्धेने आर्थिक रूप पहिल्यांदा घेतले ते १९१८ मध्ये. मॉन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी त्या वर्षी सहकारी पतपेढीचा पाया घातला. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून वाढली. सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात १९०४ मध्ये आला होता, १९१२ मध्ये तो विस्तारला होता. परंतु कायद्याने पतपेढी उभी राहत नाही. ती उभी राहते परस्परांच्या ओळखीवर. कर्ज मागणारा कोणत्या घरचा, त्याचा जामीन कोण, त्याची वाडी पिकते की नाही, हे सारे ज्या माणसांना ठाऊक आहे ती माणसे दर रविवारी एका ठिकाणी जमत होती. धर्मग्रामाने जे सामाजिक भांडवल साठवून ठेवले होते, ते मोनीस यांनी पतपुरवठ्यास जोडून दिले. सावकारीला पाप म्हणणारी प्रवचने युरोपात आणि हिंदुस्थानात शतकानुशतके झाली होती. सावकाराचा दर उतरविण्याचे सामर्थ्य मात्र पतपेढीत होते, कारण ती ऋणकोला दुसरा दरवाजा उघडून देत होती.

सत्तर वर्षांनंतर प्रसंग अधिक बिकट आला. मुंबईचा मध्यमवर्ग आणि कामगारवर्ग परवडणाऱ्या घराच्या शोधात रेल्वेमार्गाने उत्तरेकडे सरकत होता. १९८८ च्या सुमारास राज्य शासनाने वसईच्या हरित पट्ट्याचा मोठा भाग बांधकामास मोकळा केला. १९९० मध्ये सिडकोकडे या उपप्रदेशाचे नियोजन सोपविण्यात आले. याच काळात हरित वसई संरक्षण समिती जन्मली आणि फादर दिब्रिटो तिचा आवाज झाले. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, धाकदपटशालाही तोंड द्यावे लागले. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदविली पाहिजे. ही चळवळ ख्रिस्ती समाजाच्या बळावर उभी असली तरी ती ख्रिस्ती समाजाची मागणी नव्हती. हिंदू शेतकरी तीत होते, शिक्षक आणि कार्यकर्ते होते, आणि मागणी होती ती पाणी आटू नये, वाडी बुजू नये, गुंडाची दहशत चालू नये अशी. धर्मगुरू पुढे आणि मागणी सर्वांची, असा प्रकार आपल्या सार्वजनिक जीवनात विरळाच. आजच्या वातावरणात तर तो अपूर्वच वाटेल.

मग वसई वाचली का? पश्चिम पट्ट्याचा काही भाग आजही हिरवा दिसतो, तो चळवळ झाली नसती तर दिसला नसता, हे मान्य करावे लागेल. पण २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या घरात गेली होती. बावखले भरावाखाली गेली. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या आणि मिठागरात राहणारी माणसे अडकून पडली. पाणलोटाच्या वाटा बुजविल्यावर पाणी कुठे जाणार, हे सांगण्यास तज्ज्ञ समितीची गरज नव्हती.

याचा दोष बिल्डरांवर आणि राज्यकर्त्यांवर टाकून मोकळे होणे सोपे आहे, आणि त्यांचा वाटा लहानही नाही. परंतु जमीन विकल्याखेरीज कोणी विकत घेऊ शकत नाही. विकणारे हात पुष्कळदा त्याच बाकांवर जोडले जात होते, जेथे रविवारी ‘वाडी विकू नका’ असे सांगितले जात होते. त्या शेतकऱ्याला लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. केळीच्या बागेचे वर्षाचे उत्पन्न आणि त्याच गुंठ्यांची बिल्डरने देऊ केलेली किंमत यांत इतकी तफावत होती की, मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण किंवा भावांतील वाटणी यांपैकी एखादेही निमित्त पुरेसे ठरे. शिवाय शेजाऱ्याने विकली, त्याच्या जागेवर इमारत उभी राहिली, कूपनलिकेने पाणी खाली गेले, की न विकणाऱ्याचीही वाडी सुकू लागते. एकट्याने निष्ठेने राहण्याचा भुर्दंड त्यालाच भरावा लागतो. जे सर्वांच्या हिताचे आहे ते एकेकट्याला तोट्याचे ठरावे, अशा ठिकाणी उपदेश कितीही कळकळीचा असला तरी तोकडा पडतो.

१९१८ आणि १९८८ यांत फरक आहे तो येथेच. मोनीस यांनी सावकाराविरुद्ध संस्था उभारली. हरित वसईने बिल्डरविरुद्ध चळवळ उभारली, पण जमीन राखणाऱ्याला राखण्याचा मोबदला देणारी संस्था काही उभी राहिली नाही. सहकारी बँक हाताशी असलेल्या, ठेवी बाळगून असलेल्या समाजाला ती उभारणे अशक्य नव्हते. विक्रीस निघालेली वाडी प्रथम गावाच्या सहकारी संस्थेने घ्यावी, ती कसण्यास द्यावी. हरित पट्ट्यातील मालकाला त्याच्या न वापरलेल्या बांधकाम हक्काचे मोल शहराकडून मिळावे. शहराला पाणी हवे असेल तर त्याचा करार गावाशी व्हावा. यांतील पहिली गोष्ट समाजाच्या हातची होती, उरलेल्या दोन शासनाकडून झगडून मिळविण्याजोग्या होत्या. पाण्याच्या टँकरविरुद्ध गावकरी उठले ते योग्यच होते. पण टँकर का येत होता? नव्या इमारतींत राहावयास आलेला कारकून आणि गिरणी सोडून आलेला कामगार तहानलेला होता म्हणून. नळयोजनांच्या आधी इमारती उभ्या करण्याची परवानगी ज्यांनी दिली, त्यांच्या अपराधाचे ओझे गाव आणि शहर यांच्या भांडणावर पडले. सुवार्तेचा अर्थ तहानलेल्याला पाणी असाही आहे आणि शेजाऱ्याची विहीर न उपसणे असाही आहे. हे दोन्ही अर्थ एकमेकांसमोर उभे राहिले, तेव्हा उत्तर व्यासपीठावर नव्हे, पाणीवाटपाच्या व्यवस्थेत शोधावयास हवे होते.

राजकीय आघाडीवरचा अनुभवही याच दिशेचा आहे. जुलै २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि अनेक गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. गावे वगळण्याचे आंदोलन पेटले, त्याच लाटेवर त्या वर्षी विवेक पंडित अपक्ष म्हणून विधानसभेत गेले आणि २०११ मध्ये २९ गावे वगळण्याची अधिसूचना निघाली. ती न्यायालयात अडकली, आणि २०२४ मध्ये शासनाने गावे महापालिकेतच ठेवण्याचा निर्णय घेतला. निवडणूक जिंकता येते, अधिसूचनाही काढून घेता येते. पण तेरा वर्षे प्रश्न टांगता राहिला तरी त्या काळात घरे बांधली जातच होती.

श्रद्धा संस्थेत उतरल्याचे दुसरे उदाहरण दुष्काळी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात सापडते. स्वित्झर्लंडमधून आलेले जेझुइट फादर हेरमान बाखर यांनी तेथे पाणलोट क्षेत्र विकासाचे काम उभे केले. नाबार्डच्या सहभागाने चाललेला इंडो-जर्मन कार्यक्रम आणि १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘वॉटर’ ही संस्था त्यांतून पुढे आली. या कामाची अट अशी की, गावाने आधी श्रमदान करावे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी, मगच पैसा मिळेल. गावातील बहुसंख्य लोक ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांना ख्रिस्ती होण्याचे कारणही नव्हते. चराईबंदी सर्वांनी एकदम पाळली तरच तिचा लाभ, एकाने मोडली तर सर्वांचा तोटा. वसईत जे गणित उलटे पडले, तेच येथे अटीच्या जोरावर सरळ करण्यात आले. बाखर यांच्या श्रद्धेचा उच्चार त्या बांधबंदिस्तीत कोठे नव्हता. असण्याची आवश्यकता तरी काय?

अर्थात, ख्रिस्ती समाजाने सार्वजनिक जीवनात न्यायाची भाषा बोलताना घरातल्या अन्यायाकडेही पाहिले पाहिजे. वसईतही सोयरीक जुळविताना समूहाची कुंपणे दीर्घकाळ शाबूत राहिली. नगर, मराठवाडा भागांतील ख्रिस्ती समाज बव्हंशी दलित जातींतून आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलितांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. २००७ च्या रंगनाथ मिश्र आयोगाने अनुकूल शिफारस केली, २०२२ मध्ये केंद्राने पुन्हा निराळा आयोग नेमला. शासनाकडे हा हक्क मागणाऱ्या चर्चने आपल्या शिक्षणसंस्थांत, सेमिनरीत आणि धर्मप्रांताच्या कारभारात दलित ख्रिस्ती किती आणि कोणत्या पदांवर आहेत, हे स्वतःहून जाहीर केले तर त्या मागणीला वजन येईल.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे एक टक्का आहेत. एवढ्याशा समाजातील धर्मगुरूची संमेलनाध्यक्ष म्हणून निवड होताच २०१९ मध्ये विरोधाचे सूर निघाले. दिब्रिटो यांनी त्याला उत्तर दिले ते मराठीतूनच, आणि संमेलन पार पडले. पण अशा वातावरणात अल्पसंख्य समाजाला सर्वांत सुरक्षित मार्ग वाटतो तो अंग चोरण्याचा: आपल्या शाळा, आपले सण, आपली बँक सांभाळावी आणि शेजारच्या भानगडीत पडू नये. तरुण पिढी इंग्रजी शाळांतून परदेशी नोकऱ्यांकडे वळत असताना हा मोह आणखी वाढतो. घरी म्हातारे आईबाप आणि वाडीला कुलूप, मग जमीन विकण्यावाचून उरते काय?

आणि नेमक्या याच वेळी पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणीही झाली. मच्छीमारांचा विरोध कायम आहे. बुलेट ट्रेनचा मार्ग आणि विरार-अलिबाग महामार्गाची आखणी याच पट्ट्यातून जाते. जमिनीचे भाव १९८८ मध्ये वाढले त्याहून किती पटींनी वाढतील, हे वसईकरांना सांगावे लागणार नाही. या वेळी धर्मग्रामांच्या सभांत प्रवचनाबरोबर एखादा नकाशाही मांडला गेला पाहिजे: कोणती बावखले अजून शिल्लक आहेत, ती कोणाकोणाच्या सामाईक नावावर आहेत, त्यांपैकी कोण विकण्याच्या विचारात आहे, आणि त्याला थांबवायचे तर किती रक्कम उभी करावी लागेल. ती रक्कम उभी करण्याचा अनुभव या समाजाला १९१८ पासूनचा आहे.