पाचोळा पेटवू नका

उन्हं तापली की अमेरिकेतले तिरंदाज शिकारी पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या मोसमाची तयारी सुरू करतात: परसात नेमाचा सराव, पाणवठ्यावर कॅमेरा, मचाणासाठी झाड. आमच्या बिरसा भागात तीरकामठा बैगा-गोंडांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, शिकारीला मात्र 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी. ती योग्यच आहे. शेजारच्या कान्हाच्या जंगलात 1970 साली अवघे 66 बारशिंगे उरले होते, हे विसरून कसं चालेल? तरीही उन्हाळ्यातली तयारी आपल्यालाही चुकत नाही, वाचकहो. याच दिवसांत बारशिंग्याच्या नराची जुनी शिंगं गळून नवी फुटतात, बोटभर, मखमली सालीची. आणि हे जनावर जगतं जवळजवळ निव्वळ गवतावर. इकडे मोहाची फुलं पटकन दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, वारा फिरला की तीच आग गवतात घुसते. पाचोळा खराट्यानं झाडावा किंवा खाली जुनं लुगडं अंथरावं. फूलही स्वच्छ मिळतं, त्यात राख-माती येत नाही. पोरांना तीरकामठा जरूर शिकवा, समोर पेंढ्याचा भारा ठेवून. पण मोहाखाली काडी ओढणाऱ्याला, तो सख्खा काका असला तरी, तिथल्या तिथे हटकलंच पाहिजे.