घडणावळ आधी, बाजार मागून

बचत गटाचं प्रशिक्षण असो की दिवाळीच्या प्रदर्शनाचं उद्घाटन, व्यासपीठावरचं निदान ठरलेलं असतं. आपल्या बायांच्या हातात कला आहे, बुरुडाच्या हातात कसब आहे, घोडं अडलंय ते फक्त बाजारापाशी. तेव्हा माल मोबाइलवर टाका, पुण्या-मुंबईला पाठवा, सुरुवातीला भाव कमी ठेवा. खप वाढला की पैसा आपोआप दिसेल. बोलणाऱ्यांची नियत वाईट नसते आणि त्यांचं म्हणणं अर्धं खरंही आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे विणलेली टोपली आज पुण्यातल्या घरात पोचू शकते. १ ऑक्टोबर २०२३ पासून तर जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही राज्यातल्या राज्यात ऑनलाइन बाजारपेठांवर माल विकता येतो. ही सोय नाकारण्यात अर्थ नाही. पण बाजार दाराशी आला म्हणजे कारागीर तरला, हे गृहीतक साफ चूक आहे, आणि त्याचा पुरावा बुलढाणा जिल्ह्यातच आहे.

खामगावात बाजार दाराशी आला त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर वळली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा सुरू झाला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्याशा फाट्याचं एवढं कौतुक का, ते कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी आधीच स्पष्ट लिहून ठेवलं होतं. त्यांचा हिशेब असा की रेल्वेने विलायती कापड इथे इतकं स्वस्त येईल की गावचं कापड त्यापुढे टिकणार नाही. मग सूत कातणारे, विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील आणि कापूस आणखी पिकेल. इतका मनमोकळा साहेब विरळा! कापूस गाडीत बसून बाहेर गेला आणि त्याच गाडीने कापड आत आलं. मोबाइलही तसाच दोन्हीकडे धावतो. तुमची गोधडी तो नागपूरच्या गिऱ्हाइकाला दाखवतो, आणि तिच्या शेजारीच पानिपतचं यंत्रावरचं ब्लँकेटही दाखवतो, निम्म्या भावात.

मग व्यासपीठ म्हणतं, म्हणूनच तर भाव कमी ठेवा.

जरा हिशेब मांडू. समजा, एका हातशिलाईच्या गोधडीला दुपारचे फावले तास धरून साठ तास लागले. आठ तासांचा दिवस धरला तर साडेसात दिवस. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजचा दर ३१२ रुपये होता. त्या हिशेबाने नुसती मजुरी २,३४० रुपये होते. दोरा, अस्तर, ने-आण वेगळी. ही गोधडी बाराशेला विकणारी बाई नफा कमी घेत नाही, ती निम्म्या मजुरीवर राबते आणि उरलेली निम्मी गिऱ्हाइकाला दान करते. अशा दहा गोधड्यांची ऑर्डर आली की लोक अभिनंदन करतात, पण तोटा दसपट झालेला असतो. त्यातून दलाली, कुरिअर आणि परत आलेल्या मालाचा भुर्दंड वजा जातो. फावल्या वेळेला कसली मजुरी, असं विचारणाऱ्याने त्याच वेळेत निंदणाला मजूर बोलावून पाहावा.

याउलट त्याच खामगावात एक हातकाम अजून ताठ मानेने उभं आहे, ते चांदीचं. रजतनगरी हे नाव गावाला उगाच मिळालेलं नाही. चांदीच्या दुकानात समई किंवा मूर्ती घ्यायला गेलात तर सराफ एकच गोळा आकडा सांगत नाही. वजन, त्या दिवशीचा दर, टंच आणि त्यावर घडणावळ, सगळं वेगवेगळं. घासाघीस होते ती घडणावळीवर, पण मुळात ती आहे हे दोन्ही बाजूंना मान्य असतं. २०२५ मध्ये चांदीने किलोला दीड लाखाचा टप्पा ओलांडला, तेव्हा वस्तू महागली म्हणून कारागिराने आपले तास फुकट द्यावेत, असं कोणी म्हणालं नाही. हाताची मजुरी धातूच्या भावात विरघळत नाही, ती कागदावर वेगळी उभी असते. माझा आग्रह एवढाच, की गोधडी, सूप, दुरडी, शेवया, पापड या सगळ्यांची पावती अशीच फोडून लिहावी: सामान इतकं, घडणावळ इतकी.

यावर जाणकारांचा आक्षेप येतो तो वजनदार आहे. चांदीत ऐवज धातूचा, घडणावळ त्यामानाने थोडी, म्हणून गिऱ्हाईक ती निमूट देतं. सुपात मात्र बांबू चार पैशांचा आणि मजुरीच सगळी. ती उघडी केली की माणूस पळेल. पण हेच गिऱ्हाईक शिंप्याला कापडाच्या किमतीइतकी शिलाई देतं, गिरणीत दळणावळ देतं, गादीवाल्याला भरणावळ देतं. तिथे त्याला काही खटकत नाही, कारण मजुरी वेगळी मागण्याची तिथली रीत जुनी आहे. बुरुडाने आणि बाईने ती कधी मागितलीच नाही, म्हणून ती नाहीच असं धरलं गेलं.

दुसरा आक्षेप शेजारणीचा. मी दर लावला आणि तिने कमी केला, तर? हा धोका खरा आहे आणि एकटीने तो पेलणार नाही. इथे लिज्जतकडे पाहावं. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांच्या वाढीचं श्रेय लोक जाहिरातीतल्या सशाला देतात. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते: पीठ घरी न्यायचं, पापड आणून द्यायचे आणि लाटण्याची मजुरी ठरल्या दराने घ्यायची, सगळ्या बहिणींना एकच दर. पापड विकला गेला तर बघू, असं तिथे नव्हतं. आपल्याकडे गटाची वही असते, हप्त्याचा दिवस ठरलेला असतो, दंडसुद्धा असतो. फक्त एका गोधडीची किमान घडणावळ किती, हा ठराव नसतो.

तोवर कर्जाच्या योजनांचंही फार कौतुक नको. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत टोपली-चटई-झाडू करणारे आहेत, कुंभार आहेत, सोनार आहेत. पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाख मिळू शकतात. व्याज रास्त आहे, पण प्रत्येक नगावर तोटा होत असेल तर पाच टक्केही जड आहेत.

घडणावळ लावल्यावर काही वस्तू विकल्या जाणार नाहीत, हे कबूल करायला हवं. धान्य पाखडायला प्लास्टिकचं सूप चालत असेल तर रोजच्या वापराचं बांबूचं सूप या भावात खपणार नाही. अशी वस्तू बंद करावी, परंपरेच्या नावाखाली बुरुडाला उपाशी ठेवू नये. लग्नातलं सूप, देवीच्या परडीचं काम, मापाने सांगून करून घेतलेली कणगी राहील. गोधडीत तर खामगावच्या सराफाची रीत जशीच्या तशी उचलता येते. जुनी चांदी घेऊन गिऱ्हाईक दुकानात येतं तसं आजीची लुगडी घेऊन लेकीने गोधडीवालीकडे यावं. सामान तिचं, मग बोलणं फक्त घडणावळीचं. असं गिऱ्हाईक पानिपतच्या ब्लँकेटशी तुलना करत बसत नाही, कारण ते लुगडं पानिपतला मिळत नाही. निम्मी घडणावळ आगाऊ घ्यावी, उरलेली गोधडी हातात देताना.