विम्याचा कागद आणि विम्याचा आधार

मालेगावच्या एखाद्या गजबजलेल्या चौकात अर्धा तास उभे राहिले तर वाहनांचे इतके प्रकार दृष्टीस पडतात की, विमा कंपनीच्या दरपत्रकातील रकाने अपुरे वाटावेत. सुताचे बीम वाहणारे छोटे टेम्पो, कच्च्या कापडाच्या गाठी लादलेले पिकअप, कांद्याचे ट्रॅक्टर, तीन-चार हात बदलून आलेल्या जीप, मागची आसने काढून सामानासाठी मोकळ्या केलेल्या व्हॅन आणि क्वचित एखादी परदेशी बनावटीची जुनी मोटार. ‘एमएच-४१’ हा स्वतःचा नोंदणी क्रमांक असलेल्या आणि मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेल्या या शहरात वाहन ही बहुतेकांच्या लेखी चैन नसून पोटापाण्याचे साधन आहे. साहजिकच या वाहनमालकांना वर्षातून एकदा एकच प्रश्न पडतो : सर्वांत स्वस्त विमा कोठे मिळेल? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर बहुधा चुकीच्या जागी शोधले जाते. अपघाताच्या दिवशी उपयोगी न पडणारा विमा कितीही कमी पैशांत मिळाला तरी तो स्वस्त ठरत नाही, ही साधी गोष्ट त्या घाईत विसरली जाते.

मुळात वाहनविम्याचे दोन भाग आहेत आणि त्यांची गल्लत होते. एक भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. दुसरा भाग त्रयस्थाच्या विम्याचा, म्हणजे ज्याला सगळे ‘थर्ड पार्टी’ म्हणून ओळखतात, त्याचा. तो सक्तीचा आहे. ब्रिटनमध्ये ही सक्ती १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने आली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तिचे प्रकरण होते, पण ते प्रत्यक्ष अमलात आले १ जुलै १९४६ रोजी. आज १९८८ च्या कायद्याचे १४६ वे कलम तेच सांगते. या सक्तीमागील विचार समजून घेण्याजोगा आहे. रस्त्याने पायी जाणाऱ्या माणसाला धक्का देणाऱ्या गाडीचा मालक श्रीमंत असेलच असे नाही. न्यायालयाने लाखो रुपयांची भरपाई मंजूर केली तरी मालकाजवळ ती नसेल, तर त्या निकालाने विधवेच्या घरची चूल पेटत नाही. म्हणून कायद्याने मालकाच्या मागे विमा कंपनी उभी केली. विम्याचे पैसे मालक भरतो, परंतु हा विमा असतो तो रस्त्यावरील अनोळखी माणसासाठी.

दरपत्रकातील विसंगती

त्रयस्थ विम्याचा दर कंपन्या ठरवीत नाहीत. २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या विम्याचे दर खुले झाले. त्रयस्थ विम्याचे मात्र सरकारी अधिसूचनेने ठरत आले आहेत. १ जून २०२२ पासून लागू झालेले दरपत्रक या दृष्टीने वाचनीय आहे. १५०० घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या खासगी मोटारीला वार्षिक ७,८९७ रुपये. ती मोटार नाशिकच्या कारखान्यातून निघालेली असो की जर्मनीहून जहाजाने आलेली कोट्यवधींची असो, आकडा तोच. हे तत्त्वतः बरोबरही आहे, कारण या विम्याचा संबंध गाडीच्या किमतीशी नसून ती इतरांना करू शकणाऱ्या इजेशी आहे. आता त्याच पत्रकातील मालवाहू वाहनांचा रकाना पाहावा. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला १६,०४९ रुपये, म्हणजे त्या आलिशान मोटारीच्या दुपटीहून अधिक.

मालवाहू गाडी अधिक धावते, रात्री-अपरात्री धावते, तिच्या अपघातांतील दावेही मोठे असतात, हे विमाशास्त्राचे उत्तर आहे आणि ते निराधार नाही. पण ७,५०० किलोपर्यंतच्या या एकाच गटात ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा, मालासह जेमतेम दीड-दोन टन भरणारा टेम्पो आणि सात टनांचा ट्रक या दोघांनाही कोंबलेले आहे. कारखान्यातून कापडाची गाठ उचलून दोन किलोमीटरवरच्या व्यापाऱ्याकडे पोचविणारा आणि महामार्गावर रात्रभर धावणारा यांची जोखीम एकच मानली जाते. गाडी जुनी झाली म्हणून हा दर उतरत नाही. दीड-दोन लाखांत जुना टेम्पो घेणाऱ्याला गाडीच्या किमतीच्या सुमारे दहावा भाग दर वर्षी या एकाच कागदासाठी मोजावा लागतो. त्यावरचा वस्तू व सेवा कर मालवाहू वाहनांपुरता २०१९ मध्ये १८ वरून १२ टक्क्यांवर आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्हच. परंतु मूळ रकमेचे ओझे त्याने हटलेले नाही.

चाकोरीबाहेरची वाहने

परदेशी बनावटीची मोटार किंवा आत राहण्या-झोपण्याची सोय केलेली फिरती गाडी घेणाऱ्याची अडचण निराळी आहे. त्याला त्रयस्थ विमा अडत नाही. अडतो तो स्वतःच्या गाडीचा विमा. या विम्यात गाडीचे ‘घोषित मूल्य’ हा सगळ्या हिशेबाचा पाया असतो. प्रचलित पद्धतीने नव्या गाडीच्या किमतीतून वर्षागणिक घसारा वजा होतो आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला तो पन्नास टक्के धरला जातो. पाच वर्षांपुढील गाडीचे, किंवा जिचे उत्पादन बंद झाले आहे अशा गाडीचे, मूल्य कंपनी व मालक यांनी परस्परसंमतीने ठरवायचे असते. ज्या गाडीची भारतात विक्रीच होत नाही, जिचे भाग बाहेरून मागवावे लागतात आणि जी दुरुस्त करणारा कारागीर जिल्ह्यात सापडत नाही, तिच्याबाबत कंपनी एकतर दर वाढविते किंवा हात आखडता घेते. येथे मालकाने हप्ता कमी करण्यासाठी मूल्य कमी लिहून घेण्याचा मोह टाळला पाहिजे. गाडी पूर्ण नष्ट झाली किंवा चोरीस गेली तर तेवढेच मूल्य हाती येते. त्यापेक्षा आयातीची कागदपत्रे, जकात भरल्याची पावती आणि तज्ज्ञाकडून करून घेतलेले मूल्यांकन पुढे ठेवून वाजवी आकडा मान्य करून घेणे, आणि किरकोळ नुकसानीचा मोठा वाटा स्वतः सोसण्याचे कबूल करून हप्ता उतरविणे, हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय.

गाडीचे रूपच बदलले असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यापासून अशा फिरत्या घरांची हौस वाढली आहे. परंतु मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ रचनेपासून दूर जाणाऱ्या बदलांविरुद्ध निर्णय दिला आहे. नोंदणी पुस्तकात सामानाची व्हॅन आणि प्रत्यक्षात चार खाटांचे घर, अशी स्थिती असेल तर विम्याचा कागद एका गाडीचा आणि रस्त्यावरची गाडी दुसरीच, असे होते. परिवहन कार्यालयाची संमती आणि कंपनीला लेखी सूचना या दोन गोष्टींचा खर्च वाचविणाऱ्याने पुढील मोठ्या खर्चाची तरतूद करून ठेवावी.

उपयोग एक, कागद दुसरा

हौशी मंडळींपेक्षा अधिक काळजी वाटावी अशी गोष्ट आपल्या गावोगावी घडते. मालेगावजवळच्या चंदनपुरीच्या खंडोबाची यात्रा असो, लग्नाचे वऱ्हाड असो की कांदा काढणीची मजुरांची टोळी असो. मालवाहू टेम्पोत माणसे बसविली जातात. मालक परिचयाचा असतो, भाडे नाममात्र असते किंवा नसतेही. गाडीचा विमा आहे, या समजुतीने सगळे निर्धास्त असतात. पण १९९४ च्या दुरुस्तीनंतरही मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी एवढ्यांचाच अंतर्भाव आहे. फुकट बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे नियमित हप्ता भरलेली गाडी उलटते आणि आत बसलेल्या वीस जणांपुरता तो कागद जवळजवळ कोराच ठरू शकतो. चालकाजवळ योग्य परवाना नसेल तर कंपनी त्रयस्थाला भरपाई देते खरी, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा मार्ग तिला मोकळा असतो. हे सूत्र २००४ च्या स्वर्ण सिंग खटल्यापासून रूढ आहे.

जुनी गाडी घेतानाही असाच घोळ होतो. गाडी विकली की त्रयस्थ विमा नव्या मालकाकडे आपोआप गेल्याचे कायदा मानतो. स्वतःच्या गाडीचा विमा मात्र तसा जात नाही. त्यासाठी चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत गाडीची नसून मूळ मालकाची असते, तीही नव्या मालकाला मिळत नाही. ‘कागद नंतर नावावर करू’ या एका वाक्याने कित्येकांची सारी पुंजी उघड्यावर पडते.

एवढे असूनही ज्यांच्याजवळ कागदच नाही त्यांची संख्या मोठी आहे. देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना असल्याची बाब संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीच्या २०२४ च्या अहवालात पुढे आली. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. विम्याविना गाडी चालविल्यास पहिल्या वेळी दोन हजार आणि पुन्हा आढळल्यास चार हजार रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने ठेवली. पण सोळा हजारांच्या हप्त्यासमोर दोन हजारांचा दंड, तोही पकडले गेलो तर, हा हिशेब कोणीही करू शकतो. त्याला ठाऊक नसते ते एवढेच की, अपघातात कोणी दगावले वा जखमी झाले आणि गाडीला विमा नसला, तर पुरेशी हमी दिल्याखेरीज ती सोडू नये आणि तीन महिन्यांनंतर तिचा लिलाव करून रक्कम दावा न्यायाधिकरणाकडे भरावी, असा नियम सर्व राज्यांनी करावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्देश आहे. पोटापाण्याचे साधनच जाते आणि जखमीच्या कुटुंबाला जुन्या टेम्पोच्या लिलावाचे तुटपुंजे पैसे मिळतात. दोन गरीब घरे एकाच दिवशी बुडतात.

काय करता येईल

यावर केवळ दंड वाढविणे हा उपाय नव्हे. ज्याची कमाई रोजची आहे त्याच्याकडून वर्षाची रक्कम एकदम मागितली जाते, हे दुखण्याचे मूळ आहे. विमा कायदा, १९३८ चे ६४ व्हीबी हे कलम हप्ता हाती पडल्याशिवाय जोखीम स्वीकारू नये असे बजावते. उधारीच्या विम्याला आळा घालण्यासाठी ते योग्यच आहे. परंतु विशिष्ट प्रकारच्या पॉलिसींपुरती ही अट शिथिल करण्याचा अधिकारही त्याच कलमात आहे. लहान मालवाहू वाहनांना त्रयस्थ विमा तिमाही भरण्याची मुभा देण्यासाठी तो वापरता येईल. दुसरे असे की, ७,५०० किलोचा अवाढव्य गट फोडून दोन-अडीच टनांपर्यंतच्या वाहनांसाठी वेगळा दर असावा. किती धावले तितके मोजा, या धर्तीची सोय जुलै २०२२ पासून स्वतःच्या गाडीच्या विम्यात आली आहे. हंगामी धावणाऱ्या गाड्यांसाठी त्रयस्थ विम्यातही तिचा विचार व्हावा.

दर कमी केले तर विमा कंपन्या तोट्यात जातील, असा आक्षेप घेतला जाईल. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. तोट्यातील कंपनी भरपाईस विलंब लावते आणि त्याची झळ पुन्हा जखमीलाच बसते. पण निम्मी वाहने विम्याबाहेर राहतात तेव्हा जोखीम वाटून घेणारे खांदे निम्मेच उरतात. बाहेरची गाडी आत आली तर तिचा हप्ताही आत येतो. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले ते विमा सामान्य माणसापर्यंत न्यावा म्हणून. त्यातून उभ्या राहिलेल्या चार सरकारी कंपन्या आजही आहेत. परिवहन कार्यालयाच्या आवारात त्यांचा एखादा माणूस बसला, नोंदणी पुस्तक आणि पॉलिसी जुळते की नाही हे त्याने मराठीत व उर्दूत समजावून सांगितले, आणि बनावट पॉलिसी विकणाऱ्या दलालांपासून लोकांना सावध केले, तर त्या उद्देशाचे थोडे तरी सार्थक होईल.

वाहनमालकानेही आपल्यापुरता एक नियम पाळावा. हप्त्याचा आकडा विचारण्यापूर्वी तीन गोष्टी ताडून पाहाव्यात : गाडी ज्या नावावर आहे तो मालक मीच ना, ती ज्या रूपात नोंदली आहे त्याच रूपात आहे ना, आणि ज्या कामासाठी विमा घेतला आहे तेच काम ती करते ना. तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तरच दरांची तुलना करण्यात अर्थ आहे. गाडीच्या काचेआड ठेवलेला कागद पोलिसाला दाखविण्यापुरता पुरेसा असेलही. अपघातानंतर दावा न्यायाधिकरणाच्या दारात उभ्या राहिलेल्या बाईला तो पुरेल की नाही, हीच त्याची खरी कसोटी होय.