आईच्या नावाचे पाकीट

पहिल्या तारखेला मी श्रीमंत असतो आणि विसाव्या तारखेला तत्त्वज्ञ! वाचकहो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांची हीच गत असेल.

गेल्या दिवाळीत बँकेत पन्नास हजार दिसले, म्हणून मी ऐटीत मोठा टीव्ही घेऊन आलो. जानेवारीत विम्याचा चोवीस हजारांचा हप्ता दारात उभा राहिला आणि आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलावे लागले. आई म्हणाली, "राहू दे रे. मला आता कुठे सुया ओवायच्यात?" नवा टीव्ही तिच्याखेरीज घरात सगळ्यांना स्वच्छ दिसत होता.

मग भाच्याने संगणकावर 'ग्नूकॅश' नावाचा हिशेबाचा प्रोग्रॅम बसवून दिला. तो फुकट मिळतो, हा त्याचा मला पटलेला पहिला गुण. दुसरा असा, की तो दुहेरी नोंदीने चालतो. एका खात्यातून निघालेला पैसा दुसऱ्या खात्यात हजर झालाच पाहिजे.

विम्याचे दरमहा दोन हजार आणि डोळ्याचे तीन हजार बाजूला टाकायचे ठरले. मी ते सरळ 'खर्च' म्हणून लिहिले. महिनाअखेर वहीत पैसे कमी आणि बँकेत जास्त!

"मामा, बाजूला ठेवणं म्हणजे खर्च नव्हे," भाचा म्हणाला. "पैसे घरातच आहेत, फक्त फडताळ बदललं." त्याने बँकेच्या खात्याखाली दोन उपखाती उघडून दिली: 'विमा' आणि 'आईचा डोळा'. दरमहा मूळ खात्यातून त्यांत रक्कम सरकवायची. एकूण बेरीज तीच राहते. हप्ता प्रत्यक्ष भरला, की तेव्हाच उपखात्यातून खर्चात नोंद करायची.

मार्चअखेर बँकेच्या उताऱ्याशी ताळा जमवायला बसलो, तर वहीत बरोबर दहा हजार कमी. दोन रात्री शोधले. शेवटी कळले, की ताळा घेताना 'उपखाती धरून' अशी खूण करायची असते. बँकेला आपली पाकिटे ठाऊक नसतात. तिच्या लेखी सारा एकच ढीग.

त्यामुळे या पाकिटांना कुलूप नसते. असते ते फक्त नाव. मे महिन्यात महाबळेश्वरची टूम निघाली. पैसे बँकेत होते, पण काढायचे तर 'आईचा डोळा' या खात्यातून काढल्याचे स्वतःच्या हाताने लिहावे लागणार. आईच्या डोळ्यातून महाबळेश्वर पाहायचे? हात धजला नाही. मुले दोन दिवस फुरंगटली. सौ. मात्र काही बोलली नाही, आणि आमच्या घरी यालाच संमती म्हणतात.

जुलैपासून मुलीच्या कॉलेजच्या फीचे तिसरे खाते उघडले. आज बँकेत अडुसष्ट हजार आहेत. त्यांतले विम्याचे अठरा, डोळ्याचे सत्तावीस आणि फीचे बारा. आमचे म्हणावेत असे उरले अकरा. दिवाळी त्या अकरांत बसवली. ऑपरेशन तुळशीच्या लग्नानंतर ठरले आहे.

परवा हे सारे आईला मोठ्या फुशारकीने सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या ट्रंकेतली पाकिटंच की! भाडं, किराणा, दूध, तुझी फी."

"पण आई, एखादं पाकीट कमी पडलं तर कुठल्यातून काढायचीस?"

"माझ्या नावाचं होतं ना एक," ती सहज म्हणाली.

ते पाकीट मी लहानपणी पाहिले होते. ते नेहमी रिकामेच असे. यंदा प्रथमच ते भरले आहे आणि त्याला कुणी हात लावलेला नाही.