मांजराच्या अंगावरील गोचिडी व गोठ्यांतील बाटली

पावसाळा सरून गवत पिकूं लागलें म्हणजे गोराई-मनोरीकडील शेतकरी, आरे वसाहतीच्या कडेचे गोठेवाले आणि मुलुंडच्या डोंगराखालचे लोक एक तक्रार हटकून करितात: मांजराच्या मानेला, कानांच्या मुळाशीं व बोटांच्या बेचक्यांत गोचिडी लागल्या आहेत. ज्याच्या दावणीला दहा म्हशी उभ्या आहेत त्यानें मांजराची काळजी काय म्हणून वाहावी, असें कोणी म्हणेल. परंतु या किरकोळ बाबींत आमच्या मंडळींकडून एक चूक नित्य होते व ती त्या मुक्या जनावराच्या जिवावर बेतते. म्हणून तिच्याविषयीं स्पष्ट लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

चूक अशी. गोठ्याच्या कोनाड्यांत गोचिडींच्या औषधाची बाटली असते; डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन जातीची, पाण्यांत मिसळून फवारावयाची. म्हशींवर मारून उरलेलें तेंच पाणी मांजराच्या पाठीवर ओततात, अथवा कुत्र्यासाठीं आणलेली परमेथ्रिनची नळी त्याच्या मानेवर पिळतात. धन्याच्या मनांत दयाच असते. पण हीं औषधें शेवंतीच्या कुळांतील एका फुलाच्या अर्कावरून बेतलेलीं असून, गाय, म्हैस व कुत्रा यांचें यकृत त्यांचा निचरा करूं शकतें. मांजराच्या यकृतांत ती शक्ति फार दुबळी आहे. त्यांतून हें जनावर दिवसभर आपलें अंग चाटीत असतें, म्हणजे वरून लावलेलें औषध पोटांत गेलेंच म्हणावयाचें. कांहीं तासांत लाळ गळते, कान व कातडी थरथरूं लागतात, झटके येतात, आणि वेळीं उपाय न झाला तर प्राण जातो. अमिट्राझचें औषधहि मांजरास वर्ज्यच समजावें. आमच्या परिचयाच्या एका तबेल्यांत दोन वर्षांत तीन मांजरें अशीं गेलीं; तिन्ही वेळां घरच्यांनीं बोल लावला तो गोचिडीच्या विषाला!

असा प्रसंग ओढवलाच तर कोमट पाण्यानें व भांड्याच्या साबणानें अंग धुऊन काढावें, कोरड्या फडक्यांत गुंडाळून जनावर तडक पशुवैद्याकडे न्यावें, आणि तोंडांतून दूध-तूप कांहींएक घालूं नये. परळचें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचें आहे. तेव्हां पशुवैद्य ही मुंबईकरांना नवी गोष्ट नव्हे. पण मांजरासाठीं तेथवर जावयाचें म्हटलें कीं आमच्या लोकांना अजून संकोच वाटतो. तो सोडावा.

आतां मूळ प्रश्न. मांजर जिभेनें आपलें अंग इतकें साफ ठेवितें कीं जेथें जीभ पोंचत नाहीं तेथेंच गोचीड टिकते. म्हणून तपासणी मान, कान, हनुवटी व बोटें यांची करावी. गोचीड दिसल्यास बारीक तोंडाच्या चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावी. पिळूं नये, आगकाडीनें चटका देऊं नये, रॉकेल लावूं नये. काढलेली गोचीड बोटानें चिरडणें हा तर गलिच्छ व धोक्याचा प्रकार आहे. ती स्पिरिटांत टाकावी. लहान पिलांच्या अंगावर फार गोचिडी असल्या तर रक्त कमी होऊन तीं दगावतात. औषध लावणें असेल तर मांजरासाठींच केलेलें, त्याच्या वजनाप्रमाणें व पशुवैद्याला विचारून लावावें.

पण एवढें करून गोचिडी संपतील असें मात्र कोणीं समजूं नये. मांजराच्या कानामागील गोचीड ही गोठ्यांतून आलेली नोटीस आहे. कुत्र्यांवरील तपकिरी गोचीड रक्त पिऊन खालीं पडते, भिंतीच्या भेगांत दडते, कात टाकते आणि पुन्हां नव्या जनावराच्या शोधांत निघते. गुरांवरील एक जात सुमारें तीन आठवडे एकाच जनावरावर राहते, मग तिची मादी खालीं पडून दोन-तीन हजार अंडीं घालते. अमेरिकेंत थिओबाल्ड स्मिथ व किलबर्न यांनीं १८९३ सालीं दाखवून दिलें कीं गुरांचा तांबडें मूत होण्याचा रोग गोचीडच पसरविते. आपल्याकडील संकरित गाईंना होणारा गोचीडताप त्याच वाटेनें येतो. दुभत्या गाईची किंमत ज्यास ठाऊक आहे त्यानें मांजराच्या कानाकडे पाहून गोठ्याच्या भिंती तपासाव्या: भेगा बुजवाव्या, चुना द्यावा, शेणाचा ढीग दूर न्यावा, गावठी कोंबड्या आवारांत मोकळ्या सोडाव्या. गुरांवरील औषध एकदां मारून थांबूं नये. अंड्यांतून निघणारी नवी पिढी ध्यानांत घेऊन तें ठराविक अंतरानें पुन्हां मारावें, आणि तोंवर मांजर गोठ्याबाहेर ठेवावें. फिनाइलनें धुतलेली जमीन वाळेपर्यंतहि त्याला आंत येऊं देऊं नये.

दुसरा एक अविचार अलीकडे आमच्या कानांवर येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत २०१६ सालीं माकडताप उद्भवला तेव्हांपासून गोचीड म्हटली कीं कित्येकांची गाळण उडते आणि मांजर गोणींत घालून पूर्व द्रुतगती मार्गापलीकडे सोडून देतात. तो रोग १९५७ सालीं कर्नाटकांतील क्यासनूरच्या जंगलांत प्रथम ओळखला गेला. जंगलांतील गोचिडी व माकडें यांच्या संबंधानें तो पसरतो. त्यासाठीं घरच्या मांजरास हद्दपार करण्यांत कांहीं अर्थ नाहीं. शिवाय मांजर गेलें म्हणजे पेंढ्याच्या माचावर व भाताच्या कणगींत उंदीर आले. घुशीपुढें मांजर माघार घेतें हें आम्हांसहि मान्य आहे. पण उंदरांच्या पिलावळीवर त्याची जरब असते ती पिंजऱ्याची नसते.

औषधाच्या बाटलीवर मांजरासंबंधीं इशारा ठळक मराठींत व चित्रासह छापला जावा, आणि विकणारानें औषध देतांना ‘कोणत्या जनावरासाठीं?’ एवढें तरी विचारावें, अशी आमची मागणी आहे. तोंवर घरांतील शाळकरी मुलाकडून कोनाड्यांतील बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘मांजरास नको’ असें लिहून घ्यावें.