एक उन्हाळा, एक कापणी

विंचवाने डंख मारलेले दोघे एकाच रात्री दवाखान्यात आले, की नवखा डॉक्टर आधी ओरडणाऱ्याकडे धावतो. ठणका असा, की खाट हलते. दुसरा गप्प पडलेला असतो. अंगाला दरदरून घाम, दोनदा ओकारी, हातापायाचे पंजे गार. दुखतंय का विचारलं, तर थोडंसं म्हणतो. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात पहाटेपर्यंत हातचा जाण्याची भीती या दुसऱ्याची असते.

हे कळायला खाटेशेजारी बसावं लागतं, तेही एका रात्री नव्हे. डॉ. हिम्मतराव बावस्कर बसले. १९७६ साली ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. वरंधहून महाडकडे येताना वाटेत लागणारं हे गाव. माणूस मूळचा जालना जिल्ह्यातला. कोकणातला तांबडा विंचू त्यांना इथेच भेटला. नाडी, रक्तदाब, घाम, गार पडलेले पंजे, सगळं ते वेळ घालून लिहीत गेले. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ही धोक्याची लक्षणं छापून आली. मधे ते एम.डी. करायला पुण्याला गेले आणि परत याच मुलखात आले. विषामुळे शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध का देऊ नये? प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, तोंडाने घ्यायची गोळी. तिच्यावरचा त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला १९८६ साली. गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. ती संख्या बोटांवर मोजण्याइतकी झाली.

आणि तरीही ते थांबले नाहीत. नुसत्या गोळीपेक्षा गोळी आणि प्रतिविष दोन्ही दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हे पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी महाडमध्येच तपासलं. ते ‘बीएमजे’त आलं २०११ साली. बिरवाडीला रुजू झाल्यापासून पस्तीस वर्षांनी.

आता दुसरा आकडा. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरची बंधपत्रित सेवा एक वर्षाची. विंचूदंशाचे रुग्ण इथे वाढतात ते एप्रिल ते जून, आणि पुन्हा पावसाच्या शेवटी, भातकापणीच्या सुमाराला. म्हणजे या मुलाला एक उन्हाळा मिळतो आणि एक कापणी. ओरडणारा आणि गप्प पडलेला यांतला फरक ओळखता येऊ लागतो, तेवढ्यात त्याचं वर्ष भरतं. त्याच्या जागी जो येतो, तो पुन्हा ओरडणाऱ्याकडे धावतो.

दोष त्या मुलाचा नाही. त्याला पुढची परीक्षा द्यायची असते. दोष आहे तो मुक्कामाला किंमत न देणाऱ्या व्यवस्थेचा, आणि ही खोड जुनी आहे. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली राजपुतान्यात, खेरवाड्याला. तिथे त्यांना हवे तसे हिवतापाचे रुग्णच मिळेनात. हातातलं काम अडलं. उरलेला दुवा पुढच्या वर्षी कलकत्त्यात, पक्ष्यांच्या हिवतापावर जुळवावा लागला. रॉस यांना नोबेल मिळालं, म्हणून ती बदली आपल्याला ठाऊक तरी आहे.

डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री जाहीर झाली. आनंदच आहे. पण त्यांनी जे केलं त्याला मोठी प्रयोगशाळा लागली नव्हती. रक्तदाबाचं यंत्र, घड्याळ, कागद, आणि एकाच ठिकाणी काढलेली वर्षं. पहिल्या तीन वस्तू आज कुठल्याही आरोग्य केंद्रात आहेत.

मग ज्याला राहायचं आहे त्याला राहू द्यायला काय हरकत आहे? तीन-चार वर्षं घाटाखालच्या केंद्रात काढून इथल्या एका आजारावर नीट नोंदी ठेवणाऱ्याला पुढच्या प्रवेशात त्याचं भरभक्कम वजन मिळावं. त्या नोंदी कामात धराव्यात. आणि निदान एवढं तरी आजपासून व्हावं: जाणाऱ्या डॉक्टरने येणाऱ्याच्या हाती वही द्यावी. गेल्या वर्षी विंचवाचे किती आले, कुठल्या वाडीतून, डंखानंतर किती तासांनी, हात कधी गार पडले, गोळी कधी दिली. एप्रिलमध्ये वाडीवाडीत पावसाळ्याची फाटी रचायला बायका हात घालतील, तेव्हा नव्या डॉक्टरच्या टेबलावर ती वही असायला हवी.